दुभत्या गाईचा आहार आणि रक्तातील कोलेस्टेरॉल : एका मापनाचा इतिहास

प्रस्तावना

दुभत्या गाईंच्या रक्ताची तपासणी करून त्यावरून खुराकाचा अंदाज घेण्याची पद्धत अलीकडे आपल्याकडील काही मोठ्या गोठ्यांमध्ये रूढ होऊ लागली आहे. अशा अहवालात कॅल्शियम, फॉस्फरस व ग्लुकोज यांच्या जोडीने कधीकधी कोलेस्टेरॉलचाही आकडा असतो. भरपूर दूध देणाऱ्या गाईच्या रक्तात व्याल्यानंतर दहाव्या-बाराव्या आठवड्यात हा आकडा दर डेसिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या पुढे जाणे ही नित्याची बाब होय. गोठ्याच्या मालकाच्या स्वतःच्या अहवालात हाच आकडा आला तर डॉक्टर त्यास तूप कमी करण्याचा सल्ला देतात. गाईच्या बाबतीत मात्र पशुवैद्यक त्याकडे समाधानाने पाहतो. उलट व्याल्यानंतर तीन-चार आठवडे उलटूनही आकडा शंभराच्या आसपासच रेंगाळत असेल तर तो चिंतित होतो.

या विरोधाभासाचे स्पष्टीकरण पशुशरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात चार-सहा ओळींत मिळते. परंतु त्या ओळींपर्यंत पोहोचण्यास विज्ञानाला शतकाहून अधिक काळ लागला, आणि ज्यांनी ही मापने केली त्यांपैकी बहुतेकांना गाईच्या कोलेस्टेरॉलमध्ये मुळात स्वारस्य नव्हते. कोणास लोण्याचा उगम शोधावयाचा होता, कोणास हृदयरोग्यांसाठी निराळे दूध निर्माण करावयाचे होते, तर कोणास व्याल्यानंतर आजारी पडणाऱ्या आणि गाभण न राहणाऱ्या गाईंचे कोडे सोडवावयाचे होते. गाईच्या रक्तातील कोलेस्टेरॉल हे तिने खाल्लेल्या व शोषलेल्या मेदाच्या वाहतुकीचे माप आहे, ही समज या तिन्ही शोधांच्या आडवाटेने आली, आणि मानवी वैद्यकातून उसना घेतलेला अर्थ बाजूला सारल्यानंतरच ती स्थिरावली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

लोणी कोठून येते?

या इतिहासाचा आरंभ कोलेस्टेरॉलपासून होत नाही; तो लोण्यापासून होतो. १८४० च्या सुमारास युरोपातील रसायनशास्त्रज्ञांमध्ये प्राण्यांच्या शरीरातील चरबीच्या उगमाविषयी कडवा वाद माजला होता. पॅरिस येथील झां-बातीस्त द्युमा आणि त्यांचे सहकारी झां-बातीस्त बूसँगो यांचे मत असे की, मेद निर्माण करण्याची शक्ती केवळ वनस्पतींना आहे. प्राणी तो आयता घेतात, साठवितात वा जाळतात. गीसेन येथील युस्टुस लीबिग यांनी याच्या नेमके विरुद्ध मत मांडले. पिष्ट आणि शर्करा यांपासून प्राण्याचे शरीर स्वतः चरबी बनवू शकते, असे ते म्हणत.

या वादात साक्षीदार म्हणून उभी केली गेली ती गाय. बूसँगो यांची अल्सास प्रांतात बेशेलब्रॉन येथे शेती होती आणि तेथे त्यांनी गाईला किती वैरण दिली, तिने किती दूध दिले, किती शेण टाकले याचा काटेकोर हिशेब ठेवला होता. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा गाईवरील ताळेबंदाचा प्रयोग पशुपोषणशास्त्रातील पहिल्या प्रयोगांपैकी एक मानला जातो. गवत आणि बटाटे खाणारी गाय त्या चाऱ्यातील चरबीपेक्षा अधिक लोणी देते, असा लीबिग यांचा दावा होता. द्युमा, बूसँगो आणि पाये यांनी १८४३ मध्ये संयुक्त निबंध प्रसिद्ध करून चाऱ्यातील मेद लोण्याला पुरेसा आहे असे उत्तर दिले. पुढे बूसँगो यांना स्वतःच्याच प्रयोगांमुळे मत बदलावे लागले, आणि इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे लॉज व गिल्बर्ट यांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगांनी लीबिग यांची बाजू भक्कम केली.

वादाचा निकाल लीबिग यांच्या बाजूने लागला असे सामान्यतः सांगितले जाते. गाईपुरते पाहिल्यास तो निकाल काहीसा घाईचा म्हणावा लागेल. दुधातील मेदाम्लांपैकी ढोबळमानाने निम्मी कासेत नव्याने तयार होतात आणि उरलेली निम्मी रक्तातून आयती येतात, हे आज आपणास ठाऊक आहे. म्हणजे गाईच्या बाबतीत द्युमा आणि लीबिग दोघेही अर्धे बरोबर होते. मात्र दोघांच्याही हाती केवळ तोंडातून आत जाणारे आणि कासेतून बाहेर येणारे एवढेच मोजण्याचे साधन होते. मधल्या वाटेवर, म्हणजे रक्तात, काय घडते हे पाहण्याची सोय त्या काळी नव्हती.

रक्तातील मेद मोजण्याची साधने आणि कॉर्नेल येथील प्रयोग

कोलेस्टेरॉल हा पदार्थ तोवर अनोळखी राहिला नव्हता. पित्ताशयातील खड्यांमध्ये सापडणाऱ्या या मेणचट द्रव्याला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शव्हरल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पित्त व घन या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून नाव दिले होते. १८८० च्या दशकात लीबरमान आणि बुर्खार्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी हिरव्या रंगाची चाचणी उपलब्ध झाली. तथापि थोड्याशा रक्तातून कोलेस्टेरॉल मोजण्याची सुलभ पद्धत अमेरिकेतील वॉल्टर ब्लूर यांनी १९१६ मध्ये दिली, तेव्हाच जनावरांच्या रक्ताची वारंवार तपासणी करणे शक्य झाले. इतिहासात कल्पनांना महत्त्व देण्याची आपली सवय असते. या विषयात मात्र परीक्षानळी आणि रंगमापक यांनी कल्पनांची वाट मोकळी केली असे दिसते.

प्रारंभी संशोधकांची नजर कोलेस्टेरॉलवर नव्हती. अमेरिकन कृषी विभागातील मेग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये असे मांडले की, दुधातील लोणी रक्तातील फॉस्फोलिपिडांपासून बनत असावे. हे मत पुढे टिकले नाही, परंतु त्यामुळे दुभत्या गाईच्या रक्तातील निरनिराळे मेद पदार्थ वेगवेगळे मोजण्याची प्रथा पडली आणि त्या यादीत कोलेस्टेरॉल आपोआप येऊन बसले.

या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचे कार्य न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात लिओनार्ड मेनार्ड आणि क्लाइव्ह मॅके यांनी केले. (हेच मॅके पुढे उंदरांना कमी खाऊ घातल्यास ते अधिक जगतात या प्रयोगासाठी प्रसिद्धीस आले.) १९२९ मध्ये त्यांनी अत्यल्प मेद असलेल्या आहाराचा दुग्धस्रवणाच्या काळातील मेदचयापचयावर होणारा परिणाम अभ्यासला. १९३१ मध्ये मेनार्ड, हॅरिसन आणि मॅके यांनी दुग्धस्रवणाच्या संपूर्ण चक्रात गाईच्या रक्तातील एकूण मेदाम्ले, फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल यांत कसे बदल होतात याची नोंद प्रसिद्ध केली. व्याल्यानंतर ही तिन्ही द्रव्ये वाढत जातात, दूध जोरात असताना उंचावर राहतात आणि गाय आटू लागली की पुन्हा खाली येतात, असे चित्र त्यातून स्पष्ट झाले. आज कोणत्याही गोठ्यात रक्त तपासले तरी हाच आलेख मिळतो.

परंतु या आलेखाचा अर्थ लावणे सोपे नव्हते. कोलेस्टेरॉल वाढते ते गाय दूध देते म्हणून, की दूध देणाऱ्या गाईला अधिक खुराक मिळतो म्हणून? भाकड गाईला वाळलेल्या गवतावर ठेवले जाते. व्यालेल्या गाईच्या पुढ्यात धान्य आणि पेंड येते. दुधाचे प्रमाण, खाण्याचे प्रमाण आणि व्याल्यापासूनचे दिवस ही तिन्ही चाके एकाच आसावर फिरतात. त्यामुळे १९३१ च्या आकड्यांवरून आहार हाच कारण आहे असे ठरविणे शक्य नव्हते. जनावराच्या अवस्थेत बदल न करता केवळ आहारातील मेद बदलणे हाच मार्ग होता, आणि मेनार्ड यांच्या गटाने शेळ्यांना विशिष्ट मेद खाऊ घालून १९३४ मध्ये रक्तातील मेद पदार्थांवरील परिणाम तपासले ते यासाठीच.

या प्रयोगांमागे एक व्यावहारिक प्रश्न होता, तो महाराष्ट्रातील वाचकासही ओळखीचा वाटेल. तेलबियांतील तेल काढण्याची पद्धत बदलत होती. दाबयंत्रातून निघणाऱ्या पेंडीत थोडे तेल शिल्लक राही. द्रावकाने तेल ओढून घेतल्यानंतर उरणाऱ्या चोथ्यात ते जवळपास नसे. प्रथिने दोन्हींत भरपूर होती. मग तेल नसलेली पेंड दुभत्या गाईला तितकीच लाभदायक ठरेल काय? कॉर्नेल येथील पुढील वर्षांच्या चाचण्यांतून धान्यमिश्रणात चार टक्क्यांच्या आसपास मेद असणे दुधाच्या दृष्टीने हितकारक आहे असे मत पुढे आले. रक्तातील कोलेस्टेरॉल हे या चाचण्यांचे दुय्यम फलित होते, पण मेद कमी केला की ते उतरते ही गोष्ट त्यातून नोंदीत राहिली.

कोटीपोटाचा शोध

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन निरनिराळ्या ठिकाणी, एकमेकांशी संबंध नसलेले दोन शोध लागले. केंब्रिज येथे जोसेफ बारक्रॉफ्ट, मॅकअनॅली आणि फिलिपसन यांनी १९४४ मध्ये दाखवून दिले की, रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या कोटीपोटात चाऱ्याच्या आंबण्यातून तयार होणारी ॲसेटिक आम्लासारखी बाष्पशील आम्ले थेट रक्तात शोषली जातात. गाईचा मुख्य इंधनपुरवठा ग्लुकोज नसून ही आम्ले आहेत, हे यातून उघड झाले. तत्पूर्वी १९४२ मध्ये अमेरिकेत कोनराड ब्लॉख आणि डेव्हिड रिटेनबर्ग यांनी जड हायड्रोजनची खूण लावून सिद्ध केले होते की, प्राण्याचे शरीर कोलेस्टेरॉल बनविते ते ॲसेटिक आम्लापासूनच.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक आकर्षक निष्कर्ष समोर येतो : गाईच्या कोटीपोटात कोलेस्टेरॉलचा कच्चा माल रात्रंदिवस तयार होत असतो, म्हणून जास्त वैरण म्हणजे जास्त कोलेस्टेरॉल. हा निष्कर्ष चुकीचा आहे. कच्चा माल मुबलक असला म्हणून शरीर कोलेस्टेरॉल बनवीत सुटत नाही. गरजेनुसार ते बनविण्यावर कडक नियंत्रण असते. चाऱ्यात आयते कोलेस्टेरॉल जवळजवळ नसते, वनस्पतींतील तत्सम द्रव्ये आतड्यातून अत्यल्प शोषली जातात, आणि तरीही गाईच्या रक्तात ते भरपूर असते. तेव्हा खरा प्रश्न माल कोठून येतो हा नसून त्याची गरज कोठे निर्माण होते हा होता.

लोण्याचा जुना वादही याच सुमारास मिटला. पोप्याक, फ्रेंच आणि फॉली यांनी १९५१ मध्ये किरणोत्सारी कार्बन असलेले ॲसेटेट शेळीला देऊन ते दुधातील आखूड साखळीच्या मेदाम्लांत उतरते हे दाखविले. लांब साखळीची मेदाम्ले रक्तातून येतात, ही वाटणीही त्यानंतर स्पष्ट होत गेली. पोप्याक पुढे कॉर्नफर्थ यांच्यासमवेत कोलेस्टेरॉलच्या निर्मितीचे टप्पे उलगडण्याच्या कामात गढून गेले. शेळीच्या कासेपासून त्या कामापर्यंतचा हा प्रवास योगायोगाचा म्हणता येणार नाही, कारण दोन्हींकडे सुरुवात ॲसेटेटपासूनच होते.

हृदयविकाराची भीती आणि संरक्षित तेल

दरम्यान कोलेस्टेरॉल या शब्दाला लोकमानसात निराळाच अर्थ प्राप्त झाला होता. सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कॉव्ह यांनी १९१३ मध्ये सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत थर साचल्याचे दाखविले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अँसेल कीज यांच्या लेखनातून संपृक्त मेद, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांची सांगड घातली गेली आणि १९६१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त मेदाच्या जागी वनस्पतिजन्य असंपृक्त मेद घेण्याची शिफारस केली. लोणी आणि साईचे दूध संशयाच्या पिंजऱ्यात आले. दुग्धव्यवसायावर अवलंबून असलेल्या देशांच्या दृष्टीने हा मोठाच आघात होता.

असंपृक्त मेद खाऊ घातल्यास गाईचे दूधही असंपृक्त होईल, ही कल्पना सहज सुचण्यासारखी आहे. मात्र रेझर यांनी १९५१ मध्ये मेंढीत दाखविले होते की रवंथ करणाऱ्या प्राण्यांत बहुअसंपृक्त मेदाम्लांचे हायड्रोजनीकरण होते. याचे स्थान कोटीपोट, आणि कर्ते तेथील सूक्ष्मजीव. गाईला सूर्यफुलाचे तेल पाजले तरी आतड्यात पोहोचेपर्यंत त्यातील बहुतांश मेद संपृक्त झालेला असतो. शिवाय मोकळे तेल जास्त दिल्यास सूक्ष्मजीवांचे काम बिघडते, चारा पचत नाही आणि दुधातील फॅट उतरते.

ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय संशोधन संस्थेत, म्हणजे सीएसआयआरओमध्ये, स्कॉट, कुक, फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये यावर युक्ती काढली. तेलाच्या सूक्ष्म थेंबांभोवती केसीनचे आवरण चढवून ते फॉर्मल्डिहाइडने घट्ट केले. हे आवरण कोटीपोटात टिकते आणि पुढे आम्लयुक्त जठरात सुटते. परिणाम चकित करणारा होता. सामान्य गाईच्या दुधातील मेदात लिनोलेइक आम्ल दोन-तीन टक्के असते. संरक्षित तेल खाणाऱ्या जनावरांत ते वीस टक्क्यांच्याही वर गेले. नेस्टेल आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये अशा दुधाचे व मांसाचे पदार्थ माणसांना खाऊ घालून त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरल्याचे प्रसिद्ध केले. अमेरिकेतही बेल्ट्सव्हिल येथे बिटमन यांच्या गटाने करडईच्या संरक्षित तेलावर तत्सम काम केले.

या प्रकल्पाचे व्यापारी भवितव्य उज्ज्वल ठरले नाही. असे दूध लवकर खवट होई, लोणी मऊ पडे, खुराक महाग होता आणि फॉर्मल्डिहाइडच्या वापराविषयी शंका होत्या. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने याच प्रयोगांतून मोलाची गोष्ट हाती आली. जे तेल माणसाच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविते, तेच तेल संरक्षित स्वरूपात खाणाऱ्या गाईच्या रक्तातील कोलेस्टेरॉल मात्र वाढले, आणि तेही लक्षणीय प्रमाणात. माणसाला लावलेला नियम येथे उलटा पडला होता. पुढे संपृक्त मेद देऊनही गाईत हाच परिणाम मिळतो हे दिसले. म्हणजे गाईच्या बाबतीत मेद कोणत्या जातीचा यापेक्षा आतड्यातून किती मेद शोषला गेला, हे निर्णायक होते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. गाईच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढले म्हणून दुधातील कोलेस्टेरॉल त्या प्रमाणात वाढत नाही. दुधात ते मुख्यतः मेदकणांच्या आवरणात असते. शंभर मिलिलिटर साईच्या दुधात त्याचे प्रमाण बारा-चौदा मिलिग्रॅमच्या आसपास राहते आणि गाईच्या खुराकाने त्यात फारसा फरक पडत नाही. कोलेस्टेरॉलमुक्त दुधाची जाहिरात करताना गाईच्या आहाराचा हवाला दिला जात असेल, तर ग्राहकाने तो सावधपणे घ्यावा.

गाईच्या रक्तातील वाहतूक

हा उलटा नियम समजून घेण्यासाठी रक्तातील मेदवाहक कणांकडे वळावे लागते. मेद पाण्यात विरघळत नसल्याने रक्तात तो प्रथिन, फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल यांच्या आवरणात बांधून पाठविला जातो. माणसात रक्तातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग कमी घनतेच्या, म्हणजे एलडीएल, कणांत असतो आणि रोहिण्यांतील थराशी त्याचाच संबंध जोडला जातो. राफाएल, डिमिक आणि पुपियोने यांनी १९७३ मध्ये गाभणकाळ व दुग्धकाळ यांतील गाईच्या मेदवाहक कणांचे विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि १९७८ मध्ये पुपियोने यांनी दुभत्या गाईतील मेदवाहतुकीच्या वैशिष्ट्यांवर विवेचन केले. गाईच्या रक्तातील कोलेस्टेरॉलचा फार मोठा हिस्सा अधिक घनतेच्या, म्हणजे एचडीएल, कणांत असतो, ही त्यातील मध्यवर्ती बाब होय.

यामागील यंत्रणा बाजारसमितीतल्या एखाद्या दृश्यासारखी आहे. आतड्यात शोषलेला मेद पोत्यांत भरून रक्तात सोडला जातो. कासेच्या केशवाहिन्यांवरील लायपोप्रोटीन लायपेज हे विकर पोते उघडून आतला मेद उतरवून घेते. तो लोण्यात जातो. रिकामे पोते, म्हणजे फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल यांचे आवरण, रक्तातच राहते आणि एचडीएल कणांत जमा होते. तेथे कोलेस्टेरॉलला लिनोलेइक आम्लाची जोड मिळते, आणि हा साठा कास वा इतर ऊती फार सावकाश वापरतात. जितका माल अधिक येईल तितकी रिकामी पोती अधिक साचतील. पोती नव्याने शिवावी लागतात, म्हणून मेद वाढला की आतड्यातील कोलेस्टेरॉलची निर्मितीही वाढते. मेद संपृक्त असो वा असंपृक्त, पोते तर लागतेच.

मेनार्ड आणि मॅके यांच्या १९३१ च्या आलेखाचा अर्थ येथे लागतो. व्याल्यानंतर गाय हळूहळू अधिक खाऊ लागते, आतड्यातून येणारा मेद वाढतो, कास तो उतरवून घेते, आणि कोलेस्टेरॉल आठवड्यागणिक चढत जाते. दूध आणि आहार यांपैकी कारण कोणते, हा तेव्हाचा प्रश्न अंशतः चुकीच्या रीतीने मांडला गेला होता. आहार पोते पाठवितो आणि दूध ते रिकामे करते.

व्याल्यानंतरचे आठवडे

१९७० मध्ये इंग्लंडमधील कॉम्प्टन येथील पशुरोग संशोधन संस्थेत पेन आणि सहकाऱ्यांनी कळपातील निवडक गाईंचे रक्त तपासून संपूर्ण कळपाच्या पोषणाचे निदान करण्याची चाचणी मांडली. मूळ यादीत कोलेस्टेरॉल नव्हते. ते पुढे अनेक देशांच्या याद्यांत आले, आणि त्यास कारण झाले व्याल्यानंतरचे आजार.

व्याल्यानंतर लगेच गाईची भूक मंद असते आणि दुधाची मागणी मात्र झपाट्याने वाढते. तूट भरून काढण्यासाठी ती अंगावरची चरबी सोडते. त्यातील मेदाम्ले यकृतात जातात. रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे यकृत ही मेदाम्ले पोत्यात भरून परत पाठविण्यात अत्यंत मंद असते. परिणामी यकृतात चरबी साचते, कीटोसिस होतो, वार अडकते, गाय खंगते. कॉम्प्टन येथील रीड यांनी १९८० मध्ये इंग्लंडमधील गाईंत अशा मेदयुक्त यकृताचे प्रमाण किती व्यापक आहे हे प्रसिद्ध केले, तेव्हा निरोगी दिसणाऱ्या कळपांमध्येही ही स्थिती आढळल्याने पशुवैद्यक अस्वस्थ झाले. १९९३ मध्ये ग्रमर यांनी या काळातील मेदविकारांच्या कारणांची सविस्तर मांडणी केली. व्याल्यानंतर कोलेस्टेरॉल खालीच राहणे म्हणजे गाय पुरेसे खात नाही आणि यकृत मेद बाहेर पाठवीत नाही, अशा दुहेरी अर्थाने ते वाचले जाऊ लागले.

प्रजननाच्या बाबतीत गोष्ट इतकी सरळ नाही. प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकविणारे संप्रेरक कोलेस्टेरॉलपासूनच बनते, म्हणून कोलेस्टेरॉल वाढविले की गाय लवकर गाभण राहील अशी अपेक्षा निर्माण झाली. कॅपेल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये होल्स्टीन गाईंत रक्तातील कोलेस्टेरॉल व फलनक्षमता यांचा संबंध तपासला. टालावेरा यांच्या गटाने १९८५ मध्ये कालवडींना मेदयुक्त आहार देऊन बीजांडकोशाच्या कार्याशी त्याचा मेळ पाहिला. १९८८ मध्ये ग्रमर आणि कॅरोल यांनी या साऱ्याचा आढावा घेतला. प्रस्तुत लेखकाच्या मते यांतील कार्यकारणभाव उलट दिशेनेही असू शकतो. जी गाय चांगले खाते तिचे कोलेस्टेरॉल वाढते, आणि जी चांगले खाते तीच वेळेवर माजावरही येते. केवळ आकडा वाढविण्यासाठी तेल वा चरबी पाजणे हा त्यावरील उपाय ठरत नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो येथे जेन्किन्स आणि पामक्विस्ट यांनी मेदाम्लांचे कॅल्शियम साबण गाईच्या पचनावर अनिष्ट परिणाम न करता आतड्यात पोहोचतात हे दाखविले. फॉर्मल्डिहाइडशिवाय संरक्षण साधणारी ही पद्धत स्वस्त व सुटसुटीत होती आणि तिच्यातूनच आज बायपास फॅट या नावाने ओळखला जाणारा पदार्थ जगभर पसरला. मात्र हेतू बदलला होता. १९७० मध्ये दूध पिणाऱ्या माणसाचे हृदय डोळ्यांसमोर होते. आता व्यालेल्या गाईची ऊर्जेची तूट. दोन्हींतही गाईच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढले, पण पहिल्या वेळी ती चमत्कारिक विसंगती वाटली आणि दुसऱ्या वेळी मेद शोषला गेल्याची पावती.

पेंडीतील तेल : महाराष्ट्राचा संदर्भ

आपल्याकडे बायपास फॅटची पाकिटे येण्यापूर्वी दुभत्या जनावराला मेद मिळे तो सरकी आणि पेंड यांतून. सरकीत वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्शाइतके तेल असते, आणि तंतुमय आवरणामुळे ते कोटीपोटात हळूहळू मोकळे होते. म्हणजे निसर्गतःच काही अंशी संरक्षित असते. खानदेश व विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या भागात भिजविलेली सरकी आंबोणात घालण्याची चाल याच गुणावर उभी होती असे म्हणता येईल. घाणीच्या पेंडीत तेल बरेच राही. यंत्रावरील पेंडीत ते सहा-आठ टक्क्यांवर आले, आणि द्रावकाने तेल काढलेल्या, बाजारात डीओसी म्हणून विकल्या जाणाऱ्या सोयाबीनच्या पेंडीत ते एक टक्क्याच्या आसपासच उरते. प्रथिनांच्या टक्केवारीवर भाव ठरत असल्याने पेंडीतील तेलाचा हा ऱ्हास गोठ्यात फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. मेनार्ड यांनी न्यूयॉर्क राज्यात विचारलेला प्रश्न आपल्या गोठ्यांत संकरित गाईंच्या आगमनानंतर, आणि दुधाची अपेक्षा कित्येक पटींनी वाढल्यानंतर, उपस्थित झाला. कडबा आणि डीओसी यांवर वीस लिटर दूध देणारी गाय व्याल्यानंतर दोन महिन्यांनीही कमी कोलेस्टेरॉल दाखवीत असेल, तर पहिल्यांदा तिच्या खुराकातील मेद मोजावा.

होल्स्टीन वंशातील कमतरता

कोलेस्टेरॉलचा आकडा केवळ आहारावरून ठरत नाही, याची जाणीव जुनी आहे. अराव्ह आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्येच निरनिराळ्या कळपांतील गाईंच्या कोलेस्टेरॉलवर आनुवंशिक आणि परिस्थितिजन्य घटकांचा परिणाम तपासला होता. परंतु या जाणिवेला धार आली ती २०१५ मध्ये. जर्मनीतील संशोधकांनी होल्स्टीन वासरांमधील एका घातक आनुवंशिक दोषाची माहिती प्रसिद्ध केली. दोन्ही पालकांकडून हा दोष आलेल्या वासरांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसते. ती जुलाबाने खंगतात आणि कितीही दूध पाजले तरी काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावतात. दोषाचा माग १९९१ मध्ये जन्मलेल्या मॉघलिन स्टॉर्म या कॅनडातील वळूपर्यंत गेला. २०१६ मध्ये त्याचे कारण मेदवाहक कणांचे मुख्य प्रथिन बनविणाऱ्या एपीओबी या जनुकात सापडले. पोते शिवण्याचा धागाच नसल्याने आतड्यात आलेला मेद उचलला जात नाही.

ज्या गाईत या जनुकाची एकच सदोष प्रत असते ती निरोगी दिसते, दूधही देते. तिचे कोलेस्टेरॉल मात्र सोबतच्या गाईंपेक्षा कमी असते. होल्स्टीन वळूंचे वीर्य आयात करून संकर झालेल्या कळपांत अशा वाहक गाई असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. अशा गाईचा कमी आकडा पाहून तिचा खुराक अपुरा ठरविणे चुकीचे होईल. तिच्या वंशावळीची आणि जनुकीय चाचणीची नोंद अहवालाशेजारी असल्यावाचून तो आकडा कळपाच्या सरासरीत धरता येत नाही.